आमच्या गाडीचा किलोमीटर मान्य करा: केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला परभणीहून खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी परभणीत राहतो. धाकटा भाऊ आणि मी मिळून भागीदारीत कमिशनचा धंदा करतो. पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग, ठिबकचं फिटिंग, फवारणी पंपांचं सामान बनवणाऱ्या चार कंपन्यांसाठी आम्ही खेड्यापाड्यांतल्या दुकानांतून ऑर्डरी गोळा करतो. माल पोचला की वसुलीही आम्हीच करतो. त्यावर कंपन्या कमिशन देतात. आम्हाला दुकान नाही, गोडाऊन नाही. दोन मोटरसायकली आणि एक जुनी कार, एवढ्यावर दोन घरं चालतात.

परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी भावाकडं. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पूर्णा आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं वसमत माझ्याकडं. परभणी तालुका दोघांत. एका दिवसात आठ-दहा दुकानं केली तर लाइन परवडते, आणि ती एसटीनं होत नाही. सकाळची गाडी एका गावात सोडते, पुढच्या गावाची दुपारी असते, परतीची कधी असते कधी नसते. म्हणून सकाळी आठला किक मारायची आणि रात्री आठ-नऊला घरी यायचं. दोघांच्या दुचाकी वर्षाला प्रत्येकी तीस हजार किलोमीटरच्या आसपास चालतात.

हे पत्र त्या किलोमीटरांबद्दल आहे. स्वतःच्या नावावरची, घरातलीच गाडी धंद्यासाठी वापरणाऱ्या माणसाचा खर्च प्राप्तिकरात कसा धरला जातो, आणि तो कसा धरला जावा, याबद्दल.

आधी कायदा मला जसा समजला तसा सांगतो. या पत्रातले कलमांचे आकडे जुन्या, ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या प्राप्तिकर कायदा, १९६१ मधले आहेत, आमची छाननी त्याखालीच झाली. त्याच्या कलम ३७ प्रमाणे निव्वळ धंद्यासाठी केलेला खर्च वजा मिळतो. गाडीची दुरुस्ती आणि विमा कलम ३१ मध्ये, घसारा, म्हणजे गाडी झिजून किंमत उतरते त्याची वजावट, कलम ३२ मध्ये. गाडी धंद्यालाही लागत असेल आणि घरालाही, तर कलम ३८(२) म्हणतं की योग्य तेवढा हिस्सा मान्य करायचा, आणि तो हिस्सा किती हे करनिर्धारण अधिकारी ठरवणार. कायद्यात वाईट काही नाही. गाडी दोन्हीकडं वापरली तर खर्चाची वाटणी व्हायलाच हवी. माझं दुखणं या वाटणीच्या पद्धतीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागीदारीचं विवरणपत्र छाननीला लागलं. त्या वर्षी तिन्ही गाड्या मिळून ७१ हजार किलोमीटर चालल्या होत्या. मी पहिल्यापासून दोनशे पानी वही ठेवतो. तारीख, निघतानाचं रीडिंग, गावं, दुकानं, वसुली, परत आल्यावरचं रीडिंग, असे रकाने आहेत. घरच्या कामाला गाडी नेली तर तेही त्याच वहीत येतं. त्या वर्षी घरचे ४,२०० किलोमीटर निघाले, म्हणजे शंभराला सहा. सगळा खर्च २ लाख ५३ हजार होता. त्यातून घरच्या किलोमीटरांचा हिस्सा मीच बाजूला काढला आणि २ लाख ३८ हजारच दाखवले. त्यात पेट्रोल, दुरुस्ती आणि विमा. घसारा वेगळा.

छाननीत वही मागितली. मी पानांचे फोटो काढून पोर्टलवर चढवले, सोबत करसल्लागारांनी इंग्रजीत उतारा करून दिला. एका पानावर अशी नोंद होती: ‘नांदेड. आईचे डोळे. दोन दुकाने, वसुली.’ त्या दिवशी आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं दाखवायला कारनं नांदेडला नेलं होतं. ती तपासणीच्या रांगेत होती तेवढ्या वेळात मी दोन दुकानांतली थकबाकी आणली. ती पूर्ण फेरी मी घरच्या खात्यात धरली होती. वसुली झाली होती तरी धरली, कारण निघालो होतो आईसाठी.

आदेश आला. वहीवरूनच गाड्यांचा खासगी वापर दिसतो, पेट्रोलच्या बऱ्याच पावत्या वाचता येत नाहीत, गाड्या भागीदारांच्या वैयक्तिक नावावर आहेत, म्हणून गाडीखर्चाचा पाचवा हिस्सा अमान्य. म्हणजे ४७,६०० रुपये उत्पन्नात वाढले. घरचा वापर मी आधीच वजा केला होता हे उत्तरात दोनदा लिहिलं होतं. आदेशात त्यावर एक शब्दही नव्हता.

भागीदारीला करमाफीची पायरी नसते. पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. त्या ४७,६०० वर १४,८५१ रुपये कर आणि निराळं व्याज. पहिल्या अपिलाची सरकारी फी हजार रुपये आहे, ती काही जड नाही. पण अपील लिहून घ्यायचं, ते कधी लागतंय याची वाट बघायची, तिथं नाही जमलं तर पुढं प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडं जायचं, म्हणजे परभणीहून रात्रभराचा प्रवास. पंधरा हजारांसाठी कुणी एवढं करत नाही. आम्हीही पैसे भरून टाकले. आमच्यासारखे सगळेच भरून टाकतात, आणि म्हणून हा पाचवा हिस्सा कुणी कायद्यात न लिहिताच रुळून गेला आहे. वीस टक्के हा आकडा कुठल्याही कलमात नाही. मोंढ्यातल्या, म्हणजे इथल्या बाजारपेठेतल्या, कुणालाही विचारा, गाडीखर्च म्हटलं की पाचवा हिस्सा कटणार हे तो धरूनच चालतो. मग तो आधीच खर्च फुगवून लिहितो, म्हणजे कापल्यावर खरा उरेल. खरं लिहिणाऱ्याचा मात्र खऱ्यातून कटतो.

त्या आदेशानंतर भाऊ म्हणाला, आईची नोंद वहीत केलीच कशाला? मला त्याला उत्तर देता आलं नाही. मंडळानं ते द्यावं, एवढ्यासाठी मी लिहायला बसलो.

पावत्यांचंही सांगितलं पाहिजे. पंपावरची पावती उष्णतेनं छापलेल्या कागदाची असते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पावती खिशात किंवा डिकीत असते, आणि दोन महिन्यांत कागद कोरा होतो. छाननी येते दीड-दोन वर्षांनी. पालमच्या पलीकडं एखाद्या वाडीवर पेट्रोल संपलं तर किराणा दुकानातून बाटलीनं घ्यावं लागतं, त्याची पावती कुठून आणणार? दुसरीकडं हेही खरं आहे की ज्याला पावत्या हव्यात त्याला त्या मिळतात. गाडी नंबर नसलेली, तारीख मागची-पुढची टाकलेली बिलं लोक जमा करतात, हे मला ठाऊक आहे आणि आपल्या अधिकाऱ्यांनाही. पावतीवर भिस्त ठेवणारी पद्धत कागद जमवणाऱ्याला पावते. गाडी खरोखर किती आणि कुठं फिरली हे पावतीवरून कळत नाही, ते किलोमीटरवरून कळतं.

आता माझ्या मुद्द्याचं. किलोमीटरवर खर्च मान्य करणं सरकारला नवं नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना दौऱ्यावरच्या प्रवासाचा भत्ता देतं. सातव्या वेतन आयोगानंतर, १३ जुलै २०१७ च्या आदेशात, जिथं राज्याच्या परिवहन खात्यानं दर ठरवलेले नाहीत तिथल्यासाठी असं लिहिलं आहे: स्वतःची कार किंवा टॅक्सी असेल तर किलोमीटरला २४ रुपये, ऑटोरिक्षा किंवा स्वतःची स्कूटर असेल तर १२ रुपये. हा दर किलोमीटरवर आहे, पेट्रोलच्या पावत्यांवर नाही. मला याचा हेवा नाही. माणूस स्वतःची गाडी सरकारी कामाला झिजवतो, त्याला ते मिळालंच पाहिजे.

तोच बारा रुपयांचा दर आमच्या दोन दुचाकींच्या साठ हजार किलोमीटरला लावला तर ७ लाख २० हजार होतात. आम्ही तिन्ही गाड्यांचे मिळून २ लाख ३८ हजार मागितले होते, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या जरा वर. त्यातलेही कापले. एकच सरकार, एकाच रस्त्यावर, स्वतःच्या माणसाच्या स्कूटरला २०१७ सालीच बारा रुपये खर्च धरतं आणि करदात्याचे साडेतीन जास्त वाटतात म्हणून पाचवा हिस्सा काढून घेतं. हा फरक कशावर उभा आहे?

आपल्याच मंडळानं एकदा पावत्यांशिवाय खर्च मान्य केलेला आहे. एलआयसीच्या छोट्या एजंटांसाठी १९९३ चं परिपत्रक क्रमांक ६४८ आहे. वर्षाचं कमिशन साठ हजारांच्या आत असेल आणि तपशीलवार हिशेब ठेवलेले नसतील, तरी पहिल्या वर्षाच्या कमिशनच्या निम्मे आणि नूतनीकरणाच्या कमिशनचे १५ टक्के खर्च म्हणून धरायचे, एकूण मर्यादा वीस हजार. एजंट सायकलवर, मोपेडवर, पायी फिरतो, त्याच्याकडं बिलं नसतात, हे त्या वेळी मंडळाला दिसलं होतं. साठ हजारांच्या त्या मर्यादेला आज काही अर्थ उरलेला नाही. पण ती दृष्टी बरोबर होती. जे १९९३ साली परिपत्रकानं झालं ते आजही परिपत्रकानं होऊ शकतं असं मला वाटतं.

मालट्रकवाल्यांसाठीही अंदाजाची सोय आहे. दहापर्यंत गाड्या असतील तर कलम ४४एई खाली जड वाहनाला टनामागं महिना हजार रुपये आणि इतर मालवाहू गाडीला महिना साडेसात हजार असं उत्पन्न धरायचं, बाकी हिशेबाची कटकट नाही.

इथं कुणी म्हणेल, छोट्या धंद्याला कलम ४४एडी आहेच की. आहे. उलाढाल दोन कोटींपर्यंत असेल तर तिच्या ८ टक्के नफा धरायचा, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटी. किराणा दुकानदार, कृषी सेवा केंद्रवाला, कापड दुकानदार यांना ती वाट मोकळी आहे आणि त्यात गाडीचा खर्च धरलेलाच आहे. पण कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ती वाट बंद आहे. म्हणजे मोंढ्यातला अडत्या, विमा एजंट, जालन्याच्या बियाणं कंपन्यांसाठी कमिशनवर गावोगाव फिरणारा माणूस, आणि आम्ही. दुकानदार गल्ल्यावर बसतो, त्याला गाडीखर्चाचा पुरावा द्यावा लागत नाही. ज्याचा धंदाच गाडीवर आहे त्यानं मात्र लिटर-लिटरचा पुरावा द्यायचा. हे उलटं झालं आहे.

दुसरं कुणी म्हणेल, आता नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही, मग तक्रार कसली? ती सवलत व्यक्तीला आहे, भागीदारीला नाही. मराठवाड्यात दोन भावांनी, बाप-लेकांनी मिळून चालवलेल्या अशा किती भागीदाऱ्या आहेत ते आपल्या नोंदींत दिसेल. आणि कर शून्य असला तरी बँक कर्ज देताना विवरणपत्र बघते, त्यामुळं खर्चाचा आकडा खरा असणं कर नसतानाही महत्त्वाचं असतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आमचं उत्पन्न आपल्याला पैशापैशानं दिसतं. कंपनी कमिशन देतानाच कर कापून घेते, आधी ५ टक्के, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. तो आकडा आमच्याआधी आपल्या पडद्यावर येतो. आमची त्याला हरकत नाही, व्यवहार उघडा असावा. पण मिळकत एवढी उघडी असलेल्या माणसाच्या खर्चाकडं संशयानं बघू नये, एवढी अपेक्षा चूक आहे का?

घसाऱ्याचं गणितही आमच्या गाड्यांना लागू पडत नाही. भाड्यानं चालणाऱ्या टॅक्सीला ३० टक्के घसारा आहे, इतर मोटारींना १५. आमच्या दुचाकीला १५ टक्के धरतात, आणि तेही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. नव्वद हजारांची गाडी घेतली तर पाच वर्षांनी वहीत तिची किंमत जवळजवळ चाळीस हजार उरते. प्रत्यक्षात पाच वर्षांत ती दीड लाख किलोमीटर चाललेली असते, आणि गॅरेजवाला पंधरा हजारांच्या वर बोलत नाही.

इथल्या रस्त्यांबद्दल दोन शब्द. आमच्याकडं काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं डांबर सोबत घेऊन फुटते. पावसाळ्यात चेनमध्ये चिखल, उन्हाळ्यात फिल्टरमध्ये धूळ. चेन-स्प्रॉकेटचा सेट मला वर्षाला एकदा बदलावा लागतो, शॉकअप दोन वर्षं टिकले तर नशीब. पेट्रोलही इथं महाग. मनमाडच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर टँकरनं येतं, आणि ते भाडं भावात चढतं. २०१८ साली आणि पुन्हा २०२१ साली परभणीच्या पेट्रोलचा भाव देशभर बातमीत आला होता. जीएसटीतही दिलासा नाही. पेट्रोल त्या कराच्या बाहेरच आहे, आणि माणसं नेणाऱ्या छोट्या गाड्यांवर भरलेल्या करावर आमच्यासारख्यांना परतावा मिळत नाही.

खर्चाला ऋतूही असतो, आणि तो दिल्लीतून किंवा दुसऱ्या कुठल्या शहरातून दिसणं अवघड आहे. मला छाननीत विचारलं होतं की अमुक महिन्यात पेट्रोल एकदम दीडपट का झालं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणीपाळी सुटली होती. पाणी आलं की पाथरी-मानवतकडच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, दोन दिवसांत वायसर, फूटव्हॉल्व्ह, स्टार्टर मागायला दुकानांचे फोन सुरू होतात, आणि भाऊ एकाच गावाला दिवसातून दोनदा जातो. सोयाबीन बाजारात आलं की वसुलीच्या फेऱ्या वाढतात, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तर दुकानदाराच्या येतो आणि मग आमच्या. वहीत हे सगळं तारखेनिशी आहे. वही वाचली तर प्रश्नच पडत नाही.

गाड्या आमच्या वैयक्तिक नावावर आहेत, हा आक्षेप मी नीट समजून घेतला. दुचाकीचं कर्ज भागीदारीपेक्षा माणसाच्या नावावर पटकन होतं, म्हणून तशा घेतल्या. हप्ते भागीदारीच्या खात्यातूनच गेले. आयसीडीएस नावाच्या कंपनीच्या खटल्यातल्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की मोटार वाहन कायद्याखालची नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असली म्हणून प्राप्तिकरासाठीची मालकी संपत नाही. आमचा घसारा शेवटी मान्य झाला, पण त्यासाठी तीनदा उत्तर लिहावं लागलं. आणि कंपनी असती तर? सयाजी आयर्न या कंपनीच्या खटल्यात गुजरात उच्च न्यायालयानं २००२ साली म्हटलं की कंपनी ही कायद्यानं निर्माण झालेली व्यक्ती, तिला खासगी वापर असा नसतोच, म्हणून त्या कारणानं तिचा गाडीखर्च कापता येत नाही. संचालकानं वापरली तर ते त्याच्या पगारात धरा. म्हणजे कंपनीची मोठी कार लग्नाला गेली तरी कंपनीचा खर्च शाबूत, आणि आमची दुचाकी दळण आणायला गेली असेल या शंकेवर पाचवा हिस्सा गेला.

एक नियम मात्र मला मान्य आहे, तोही सांगतो. कार आम्ही ओळखीतल्या माणसाकडून जुनी घेतली आणि बरीच रक्कम रोख दिली. मालमत्तेसाठी एका दिवसात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिलं तर ती रक्कम किमतीत धरत नाहीत, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या कारचा घसारा आम्हाला जवळजवळ मिळत नाही. चूक आमची. नियम स्पष्ट लिहिलेला होता आणि सगळ्यांना सारखा होता. मला गाडीखर्चासाठीही असाच नियम हवा आहे, जो वाचून माणसाला आपलं काय होणार हे आधी कळेल.

मागणी अशी. ज्यांना अंदाजी उत्पन्नाची सोय नाही अशा व्यक्ती आणि भागीदाऱ्यांसाठी स्वतःच्या गाडीच्या धंद्यातल्या वापराला किलोमीटरमागं ठरावीक दर द्या. दुचाकीला बारा मागत नाही, पाच रुपये द्या. कारला सरकारी चोविसाच्या निम्मे द्या. त्यात पेट्रोल, दुरुस्ती, विमा, घसारा सगळं आलं, वेगळं काही मागणार नाही. वर्षाला एका गाडीमागं किलोमीटरची मर्यादा घालायची असेल तर घाला. ज्याला खऱ्या खर्चाच्या पावत्या द्यायच्या असतील त्याला तीही मुभा राहू द्या. अमेरिकेत असंच आहे. २०२५ सालासाठी तिथं मैलाला ७० सेंटचा दर होता, तो घ्यायचा की प्रत्यक्ष खर्च दाखवायचा हे करदाता ठरवतो, प्रवासाची नोंद मात्र ठेवावीच लागते.

नोंद तपासायची साधनं इथंही आहेत. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर किलोमीटर लिहिलेले असतात. पंपावरचं पेमेंट आता बहुतेक फोनवरून होतं, बँकेच्या उताऱ्यात पंपाचं नाव आणि तारीख येते. ऑर्डर बुक आहे, वसुलीच्या पावत्या आहेत, दुकानदार आहेत. वहीतला कुठलाही दिवस उघडा आणि या गोष्टींशी ताडून बघा. खोटं सापडलं तर पूर्ण खर्च काढून टाका, दंड करा. पण वही ठेवलेली असेल आणि तिच्यात खोटं सापडलं नसेल, तर तिच्याबाहेर जाऊन सरसकट पाचवा हिस्सा कापू नये, अशी स्पष्ट सूचना अधिकाऱ्यांना द्या. कापायचंच असेल तर कुठल्या तारखेची कुठली फेरी धंद्याची वाटली नाही ते आदेशात लिहायला सांगा. आणि वही मराठीत असेल तर मराठीत वाचणाऱ्याकडं जाऊ द्या. चेहरा न दाखवता छाननी होते ही चांगली गोष्ट आहे, तिनं बऱ्याच चकरा वाचल्या. पण गंगाखेड कुठं आणि सोनपेठ कुठं हे ठाऊक असलेल्या माणसानं वही वाचली तर निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

हे आत्ताच का, याला अजून एक कारण आहे. भाऊ विजेवरची स्कूटर घ्यायचं म्हणतो. ती रात्री घरी चार्ज होणार, घराच्याच मीटरवर, पंखे आणि फ्रिजसोबत. पेट्रोलची निदान पुसट का होईना पावती असते, या विजेची कुठलीच नसेल. तिचा धंद्यातला खर्च दाखवायला किलोमीटरशिवाय दुसरं माप नाही. आज दर ठरवला नाही तर येत्या काही वर्षांत हीच अडचण लाखो लोकांना येणार आहे.

नवा प्राप्तिकर कायदा, २०२५, हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमं ५३६ वर आली, मागील वर्ष आणि करनिर्धारण वर्ष हा घोळ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. भाषा सोपी करण्यासाठी एवढी मेहनत घेतली त्याबद्दल मनापासून आभार. गाडीवर पोट असलेल्यांसाठी त्यात किलोमीटरच्या दराची एक ओळ आली असती तर आमच्यासाठी तीच सगळ्यांत सोपी ओळ झाली असती. ती अजूनही येऊ शकते.

वही मी आजही तशीच ठेवतो. आईच्या नोंदीही तशाच करतो. आता तिला दर तीन महिन्यांनी नांदेडला न्यावं लागतं, आणि ती फेरी घरच्या रकान्यात जाते. माझ्याकडं अशा अकरा वह्या आहेत. दर ठरवताना आमच्या भागात दुचाकीला किलोमीटरला खरा किती खर्च येतो हे मंडळाला बघायचं असेल तर त्या सगळ्या मी पाठवतो, जॉबकार्डं आणि बँकेच्या उताऱ्यांसह. अक्षर लागलं नाही तर वाचून दाखवायला येईन.

आपला विश्वासू,
एक कमिशन एजंट,
परभणी